गुडघाभर ढग

सत्यवती नाव वल्हवते आहे, नावेत पराशर ऋषी बसले आहेत आणि यमुनेच्या दोन्ही तीरांवर इतर ऋषी उभे आहेत. एवढे सगळे बघत असताना आपलं मीलन कसं शक्य आहे, असं ती विचारते. महाभारताच्या आदिपर्वात पराशर यावर वाद घालत बसत नाहीत. ते तिथल्या तिथे धुकं निर्माण करतात आणि नाव दिसेनाशी होते. कथेत हे एका श्लोकाचं काम आहे. रंगमंचावर तेच करायचं म्हटलं की नेपथ्यकाराची झोप उडते. १९६४ साली वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'मधून पराशर आणि सत्यवती संगीत रंगभूमीवर आले. ती जोडी नावेत बसवायचं कोणाच्याही मनात आलं, तर त्याला पराशरांपेक्षा अवघड धुकं करावं लागेल. पराशरांना सगळंच झाकायचं होतं. नाटकवाल्याला नदी झाकायची असते, गाणाऱ्याचा चेहरा नाही. धुकं गुडघ्यापर्यंत यावं आणि तिथेच थांबावं, ही त्याची मागणी.

मराठी रंगभूमीला धूर नवा नाही. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्या वळणाच्या पौराणिक खेळांत राक्षसाचा प्रवेश राळेशिवाय होत नसे. राळेची बारीक पूड पेटत्या मशालीवर भिरकावली की भक्कन जाळ उठे, काळा धूर वर जाई आणि त्यातून आरडाओरडा करत राक्षस अवतरे. पुढच्या रांगेतल्या पोरांची बोबडी वळवायला तेवढं पुरे होतं. पण राळेचा धूर गरम असतो, म्हणून तो वरच जातो. राक्षसाला तो शोभतो. कैलासावरचे शंकर-पार्वती, क्षीरसागरात पहुडलेला विष्णू, स्वप्नातली राणी यांना मात्र पायाशी पसरणारं काहीतरी लागतं. वर जाणारा धूर राक्षसांचा आणि खाली बसणारं धुकं देवांचं, अशी वाटणी करायला हरकत नाही. देवांचं काम अवघड आहे, कारण तिथे उष्णतेच्या उलट दिशेनं जावं लागतं.

युरोपातही आधी वाफच वापरून पाहिली गेली. १८७६ साली बायरॉइटमध्ये वाग्नरच्या 'रिंग' या चार संगीतिकांच्या पहिल्या प्रयोगांसाठी आगगाडीच्या इंजिनाचे बॉयलर आणून बसवले होते. त्यांची वाफ मंचावर सोडत आणि त्या पांढऱ्या पडद्याआड देखावा बदलत. देखावा झाकायला ती छान, पण ती फुसफुसते, कपडे ओले करते आणि अर्थातच वर जाते.

खाली बसण्यासाठी हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड हवी. हवा दोन प्रकारे जड करता येते. एक तर ती थंड करायची, किंवा तिच्यात मुळातच जड असलेला वायू मिसळायचा. ड्राय आइस ही दोन्ही कामं एकदम करतो, म्हणून गेली कित्येक दशकं रंगमंचावर त्याचं राज्य आहे. हा घनरूप कार्बन डायऑक्साइड. थिलोरिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८३५ मध्ये तो पहिल्यांदा पाहिला आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत त्याचा व्यापार सुरू झाला. नेहमीच्या हवेच्या दाबाला तो वितळत नाही. उणे ७८.५ अंश सेल्सिअसला त्याचा थेट वायू होतो आणि खाली ओल राहत नाही. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. ड्राय आइस गरम पाण्यात टाकल्यावर जे पांढरं उसळतं तो कार्बन डायऑक्साइड, असं आपण धरून चालतो. कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. आपल्याला दिसतं ते पाणीच. गरम पाण्यात बुडलेल्या तुकड्यातून वायूचे बुडबुडे सुटतात, त्यांत पाण्याची वाफ शिरते आणि बुडबुड्यातल्या गारठ्यानं तिचे सूक्ष्म थेंब होतात. बुडबुडा फुटला की थेंबांनी भरलेला जड वायू पिंपाच्या काठावरून ओसंडतो आणि उताराकडे वाहू लागतो. धुकं हे पाण्याचं, त्याला खाली धरून ठेवणारा वायू वेगळा. हे दोघं एकत्र निघतात, पण एकत्र संपत नाहीत. या प्रकरणातला सगळा धोका आणि बरीचशी कारागिरी या एका गोष्टीत आहे.

पाणी गरम का लागतं, तेही यावरून कळतं. ६० अंशांच्या वाफेनं भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे १३० ग्रॅम पाणी मावतं, २० अंशांच्या हवेत फक्त १७ ग्रॅम. थेंब घडायला माल हवा, आणि तो गरम पाण्याकडेच असतो. गार पाण्यात ड्राय आइस टाकला तर तो नुसताच बुडबुडत राहतो. त्यातून वायू तेवढाच सुटतो, पण धुकं नाममात्र.

नेपथ्याची पुस्तकं हे सगळं वातानुकूलित सभागृह डोळ्यांसमोर ठेवून सांगतात. बंद दारं, बेताची आर्द्रता, शहरातच असलेला ड्राय आइसचा पुरवठादार. आपण मंच जरा अवघड जागी मांडू. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई-परळी पट्ट्यातली धर्मापुरी घेऊ. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं मंदिर आणि जुना किल्ला यांच्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक आहे. गावात महादेव आहे, तेव्हा शाळेच्या गॅदरिंगमध्ये कैलासाचा प्रवेश बसवायची कल्पना कोणा गुरुजींना सुचलीच, असं समजू. पटांगणात चार फूट उंचीचा मंच, तीन बाजूंनी कनात, समोर सतरंज्या. पोरं सतरंजीवर, बायामाणसं त्यांच्या मागे, आणि कडेला खुर्च्यांवर पाहुणे. व्याघ्रांबर नेसलेला सातवीतला शंकर मधोमध बसणार आणि त्याच्या पायाशी ढग हवेत.

पहिली अडचण मालाची. ड्राय आइस मोठ्या शहरातून आणावा लागणार. पुणं म्हटलं तर सात-आठ तासांचा रस्ता. थर्माकोलच्या जाड पेटीत ठेवला तरी तो दिवसाला दोन ते चार किलो झिजतो, म्हणजे दहा किलो लागणार असेल तर तेरा-चौदा किलो घ्यावा. पेटी घट्ट बंद करायची नाही, कारण आतल्या वायूला वाट मिळाली नाही तर ती फुटते. पेटी ठेवायची कुठे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. एक किलो ड्राय आइसमधून सुमारे साडेपाचशे लिटर वायू निघतो. दिवसाला तीन किलो झिजणारी पेटी तासाला सत्तरेक लिटर सोडते. काचा लावलेल्या मोटारीत मिळून तीनेक हजार लिटर हवा असते. म्हणजे तासाभरात वायूचं प्रमाण दोन टक्क्यांवर जातं, आणि पुढे चढतच राहतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आइस्क्रीम पोचवणाऱ्या एका मोटारीत ड्राय आइसच्या पेट्या राहिल्या होत्या आणि गाडीत बसलेल्या बाईचा जीव गेला. टेम्पोच्या उघड्या हौद्यात, ताडपत्रीखाली पेटी आणली की हा प्रश्न उरत नाही.

गंमत अशी की हा वायू या भागात ढिगानं तयार होतो आणि हवेत सोडून दिला जातो. मराठवाडा आता उसाचा मुलूख. मळी आंबवून अल्कोहोल करताना जेवढं अल्कोहोल तयार होतं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो. तो पकडून, शुद्ध करून, दाबाखाली द्रव करून मग त्याचा बर्फ करणं हा वेगळा कारखाना झाला. गॅदरिंगसाठी कोणी तो उभारणार नाही, हे खरंच. तरी ऊस पिकवणाऱ्या गावानं ढग पुण्याहून विकत आणावा, हे मला जरा खटकतं.

दुसरी अडचण पाण्याच्या उष्णतेची. गुरुजींनी चुलवणावर पाणी तापवलं आणि ८० अंशांचं चाळीस लिटर पाणी टिपाडात ओतलं. त्यात दहा किलो ड्राय आइस जाणार. एक किलो ड्राय आइसचा वायू व्हायला सुमारे ५७० किलोज्यूल उष्णता लागते. दहा किलोला ५,७००. चाळीस लिटर पाणी एक अंशानं निवतं तेव्हा १६७ किलोज्यूल देतं. भागाकार केला तर पाणी निदान ३४ अंशांनी उतरणार. प्रवेश संपेपर्यंत ते ४५ अंशांच्या आसपास येतं आणि धुकं कधीच विरळ झालेलं असतं. पार्वतीचं नृत्य शेवटी असेल तर ते ढगांविना होणार. यावर दोन इलाज. टिपाडात पाणी तापवायचा हीटर बसवायचा, किंवा सगळा बर्फ एकदम न ओतता जाळीच्या पाटीत घालून, दोरीनं वर-खाली करत बेताबेतानं बुडवायचा. व्यावसायिक यंत्रांत हे दोन्ही असतं: खाली हीटर, वर जाळी, झाकण आणि पुढे रुंद पाइप. पाटी उचलली की धुकं थांबतं, बुडवली की सुरू. दोरी धरणाऱ्याला नाटक पाठ असायला हवं. हौशी प्रयोगांत हे काम ऐनवेळी विंगेत रिकामा सापडलेल्या पोराला दिलं जातं आणि मग रावण येतो तेव्हाही ढग येतात.

तुकडे हाताळताना जाड हातमोजे आणि सांडशी हवी. उघड्या हातात काही क्षण धरला तरी कातडी भाजल्यासारखी होते. तुकडे सुपारीएवढे केले तर धुकं एकदम दाट आणि थोडा वेळ, नारळाएवढे ठेवले तर विरळ आणि लांबणारं.

तिसरी अडचण हवेची, आणि ती खास मराठवाड्याची. धुक्याचा थेंब टिकतो तो भोवतालची हवा दमट असेल तर. हवा कोरडी असेल तर ती थेंब पिऊन टाकते. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत रात्री असेल तर नशीब. गारठ्यात सापेक्ष आर्द्रता चढलेली असते आणि बालाघाटच्या पठारावर पहाटे खरं धुकंही कधी कधी सखल भागात साचतं. तेच धुकं एप्रिल-मेमध्ये लग्नमंडपात मागाल तर निम्मंसुद्धा मिळणार नाही. पिंप तेच, बर्फ तेवढाच, पण मंचाच्या कडेला पोचेपर्यंत ढग विरलेला. डेकोरेशनवाला मग आणखी बर्फ घालतो. धुकं थोडं वाढतं, वायू मात्र बर्फाच्या प्रमाणात पुरेपूर वाढतो. कोरड्या हवेत जेवढं कमी दिसतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त खाली साचलेलं असतं.

वाऱ्याचंही तसंच. ताशी चार-पाच किलोमीटरची झुळूक, म्हणजे आपण चालताना चेहऱ्याला लागते तेवढी, जमिनीवरचा ढग फाडायला पुरते. म्हणून कनात मंचाच्या पायापर्यंत हवी. मंगल कार्यालयात शत्रू म्हणजे कूलर. नवरा-नवरीच्या एंट्रीला ढग सोडले आणि कूलर चालू राहिले, की ढग वऱ्हाडाच्या अंगावरून मागच्या भिंतीकडे. म्हणून एंट्रीपुरते कूलर आणि पंखे बंद करतात, खिडक्याही लावून घेतात. चित्रीकरण झकास होतं. जी हवा खेळती राहायला हवी होती ती मात्र नेमकी त्याच दहा मिनिटांत थांबवलेली असते.

आता तो वायू जातो कुठे, ते बघू. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही, कारण त्यांनी पेव पाहिलेलं असतं. ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असं तळघरच ते. आतलं धान्य श्वास घेतं, त्याला ओल लागली तर जास्तच. प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, काही वेळ तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा, ही रीत अनुभवातून आलेली. ही रीत मोडलेल्यांचे, आणि त्यांना काढायला मागोमाग उतरलेल्यांचे जीव गेले आहेत. गाळ काढायला आडात उतरलेल्या माणसांच्या अशाच बातम्या आजही दर उन्हाळ्यात येतात.

कंदिलाची कसोटी चांगली, पण पुरेशी नाही. ज्योत विझते ती मुख्यतः प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६च्या आसपास उतरला की. कार्बन डायऑक्साइड मात्र केवळ प्राणवायूची जागा घेऊन मारत नाही. तो रक्तात मिसळून रक्त आम्लधर्मी करतो. हवेत तो चार टक्के झाला की औद्योगिक सुरक्षेचे नियम ती जागा जिवाला तात्काळ धोक्याची मानतात. पाच टक्क्यांना धाप लागते, डोकं ठणकतं. दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो, आणि तेव्हाही कंदील तेवत असू शकतो.

नेपल्सजवळ 'कुत्र्याची गुहा' म्हणून एक जागा आहे. तिथे जमिनीतून हाच वायू झिरपतो आणि तळाशी थर करून राहतो. जुन्या काळी वाटाडे प्रवाशांना घेऊन जात. उभ्या माणसाला काही होत नसे, पायाशी सोडलेलं कुत्रं मात्र धडपडून पडे. क्रूर तमाशा होता, पण गुडघ्याखालचं जग आणि नाकापाशी असलेलं जग वेगळं असतं, एवढं त्यातून दिसे.

हे मंचावर आणून बघू. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, चार मीटर उंच असा शाळेचा हॉल धरा. आत सहाशे घनमीटर हवा. दहा किलो ड्राय आइसमधून साडेपाच घनमीटर वायू. तो सगळीकडे सारखा मिसळला तर प्रमाण ०.९ टक्के होईल. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ०.५ टक्क्याची मर्यादा पाळतात आणि थोड्या वेळासाठी तीन टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. या हिशेबानं फारसं बिघडत नाही. पण हा हिशेबच चुकीचा आहे. वायू सारखा मिसळू नये म्हणून तर आपण सगळी धडपड केली. तो खालच्या अर्ध्या मीटरात राहिला तर तिथली हवा फक्त पंचाहत्तर घनमीटर, आणि प्रमाण सात टक्क्यांवर. प्रत्यक्षात थोडं मिसळतं, थोडं दारातून जातं, म्हणून एवढं सहसा होत नाही. मात्र जितकं धुकं सुंदर, सपाट आणि न हलणारं, तितके आपण त्या सात टक्क्यांच्या जवळ.

त्या अर्ध्या मीटरात कोण असतं? शंकर असतो, कारण तो मांडी घालून बसला आहे. ध्यानस्थ असल्यानं तो हलणारही नाही. क्षीरसागराचा प्रवेश असेल तर विष्णू चक्क आडवा असतो. मंचाखाली तबला आणि पेटीवाले असतात. शहरातल्या नाट्यगृहात वादकांसाठी मंचापुढे खोलगट जागा असेल तर ती पेवच समजावी, कारण मंचावरून ओघळलेलं सगळं तिथे जाऊन बसतं. आणि धर्मापुरीच्या पटांगणात सतरंजीवर पहिल्या रांगेत सगळ्यांत लहान पोरं असतात. जमिनीवर बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाचं नाक दीड-पावणेदोन फुटांवर असतं. दहा वाजता त्यातली निम्मी तिथेच आडवी होऊन झोपलेली असतात. मंचावरून ढग खाली ओघळला की पोरं टाळ्या पिटत त्यात लोळतात. ढग विरतो, टाळ्या थांबतात, पुढचा प्रवेश सुरू होतो. वायू मात्र तिथेच असतो, कारण विरलं ते पाणी. उघड्या पटांगणात वारा त्याला लवकर नेतो, पण कनात जमिनीपर्यंत बांधलेली असेल तर आपणच त्याला आवार करून दिलेलं असतं.

म्हणून काय करायचं ते फार अवघड नाही. मंच आणि पहिली रांग यांच्यात दहा-बारा फूट मोकळी जागा सोडायची. मंचाच्या पुढच्या कडेला वीतभर उंचीची पट्टी ठोकली की बराचसा ढग मंचावरच राहतो, आणि दिसायलाही तो तिथेच हवा असतो. बसलेल्या नटाला चौरंगावर किंवा खडकाच्या देखाव्यावर निदान तीन फूट उंच बसवायचं. कैलासावर शंकर उंचच बसलेला बरा दिसतो. आडवा प्रवेश ड्राय आइसवर करायचाच नाही. प्रवेश संपताच कनातीचे खालचे पदर वर बांधायचे आणि पंखे जमिनीच्या पातळीवर लावून हवा बाहेर ढकलायची. पंखा छताला असेल तर त्याचा उपयोग थोडा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आता फार महाग राहिलेलं नाही. ते टेबलावर नाही, सतरंजीवर ठेवायचं.

पर्याय नाहीत असं नाही. साध्या स्मोक मशीनमध्ये ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण तापवून त्याची वाफ सोडतात. ती गरम असल्यानं वर जाते. तीच बर्फाच्या चुऱ्यानं भरलेल्या पेटीतून फिरवून काढली तर काही मिनिटं जमिनीलगत राहते. यासाठी नेहमीचा लादीचा बर्फ चालतो आणि तो तालुक्याला मिळतो. पण ही वाफ तापली की उठते आणि मग सभागृहभर धूसर होऊन तरंगत राहते. शिवाय फळ्यांवर बारीक ओशट थर बसतो. गाणाऱ्यांची तक्रार वेगळीच. ब्रॉडवेवरच्या नटांच्या संघटनेनं आणि निर्मात्यांनी मिळून करवलेल्या, २००० साली पुऱ्या झालेल्या पाहणीत असं दिसलं, की ग्लायकॉलच्या दाट झोताजवळ काम करणाऱ्यांचा घसा आणि श्वासमार्ग चुरचुरतो. त्यावरून मर्यादाही ठरल्या. संगीत नाटकात पदाच्या आधी हा झोत सोडणारा माणूस गायकाचा मित्र नसतो.

श्राव्यातीत कंपनांनी पाणी उडवणारी यंत्रं मला गावासाठी जास्त बरी वाटतात. पाण्यात बुडवलेली चकती सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा थरथरते आणि पृष्ठभागावरून काही मायक्रॉनचे थेंब सुटतात. उष्णता नाही, वायू नाही, नुसतं पाणी. थेंब उडता उडता हवा गार करतात, म्हणून हे धुकंही खालीच राहतं. ड्राय आइसइतकं दाट होत नाही आणि कोरड्या उन्हाळ्यात तर लगेच उडतं. एक पथ्य पाळावं लागतं. बोअरचं पाणी घालायचं नाही. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, थेंब सुकला की क्षार हवेत राहतो आणि नटांच्या काळ्या कपड्यांवर पांढरी पूड बसते. तीच पूड श्वासातही जाते. आरओचं ताजं पाणी घ्यावं, आणि यंत्रात शिळं पाणी राहू देऊ नये, त्यात जंतू वाढतात आणि धुक्याबरोबर प्रेक्षकांत जातात.

द्रवरूप नायट्रोजनचा मोह तर टाळावाच. उणे १९६ अंशांचा हा द्रव उकळला की सुमारे सातशेपट फुगतो. कार्बन डायऑक्साइड निदान धाप लावून इशारा देतो, नायट्रोजन काही न जाणवू देता माणसाला झोपवतो.

धुकं कोणत्याही मार्गानं करा, ते उजळवायचं कसं यावर अर्धा परिणाम ठरतो, आणि गावात इथेच सगळं वाया जातं. समोरून हॅलोजन मारला की ढगाची पांढरी चादर होते आणि तिच्यात ना खोली ना हालचाल. थेंबावर पडलेला प्रकाश बहुतांशी पुढच्या दिशेलाच विखुरतो, म्हणून दिवा ढगाच्या मागे किंवा बाजूला असावा. विंगेत, जमिनीपासून हातभर उंचीवर, मंचाला आडवे लावलेले दोन निळे दिवे पुष्कळ काम करतात. त्यांच्या तिरप्या उजेडात विरळ धुक्याच्याही लाटा दिसतात. म्हणजे बर्फ कमी लागतो. दिवा नीट लावणं ही या धंद्यातली सर्वांत स्वस्त सुरक्षितता आहे, असं मी म्हणेन.

आणि दिव्यावर भरवसा असेल तर धुक्याशिवायही चालतं. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांनी 'अंगार' केलं. कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात, हा शेवटचा प्रसंग तापस सेन यांनी नुसत्या प्रकाशानं उभा केला. मंचावर पाण्याचा थेंब नव्हता आणि प्रेक्षक पाणी चढताना बघत होते. कैलासासाठी याचं गावठी रूप असं करता येईल. मंचाच्या पुढच्या कडेला गुडघाभर उंचीची पातळ मच्छरदाणीच्या कापडाची पट्टी ताणायची, तिच्या मागे हातभर अंतरावर दुसरी, आणि दोहोंच्या मधून बाजूनं निळा उजेड सोडायचा. त्या दिव्यापुढे पाण्याची परात ठेवून पाणी हलकं ढवळलं, की त्यावरून परतलेला उजेड जाळीवर हलतो. पुढच्या चार रांगांना कापड दिसेल. मागच्यांना ढग दिसेल. खर्च शे-दोनशे रुपये.

तरी ड्राय आइसच हवा असेल, तर शेवटचा विचार उरलेल्या तुकड्यांचा. अपघात बहुतेक तिथेच होतात, मंचावर कमी. प्रवेश झाला, सगळे नटांचे फोटो काढायला धावले, आणि पेटी विंगेत उघडी. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून दिलेला ड्राय आइस खाऊन पाच जणांच्या तोंडातून रक्त आलं आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच वर्षी छत्तीसगडमधल्या राजनांदगाव जिल्ह्यात एका लग्नात ढगांसाठी आणलेला तुकडा तीन वर्षांच्या मुलानं साधा बर्फ समजून तोंडात घातला आणि ते मूल दगावलं. २०२० मध्ये मॉस्कोत वाढदिवसाच्या मेजवानीत कोणीतरी सुमारे पंचवीस किलो ड्राय आइस बंद जागेतल्या पोहण्याच्या तलावात ओतला. पाण्यावर झकास ढग आला आणि त्यात उतरलेल्यांपैकी तिघं मेले.

उरलेला तुकडा बाटलीत भरून बूच लावायचं नाही, ती फुटते. मोरीत टाकायचा नाही, पाइप तडकतो. पाणपोईच्या माठात तर नाहीच. शाळेच्या मागे, उघड्यावर, वारा लागेल अशा उंचवट्यावर पेटी झाकण सैल ठेवून मांडायची आणि एका मोठ्या माणसाला तिथे खुर्ची टाकून बसवायचं. सकाळपर्यंत पेटी रिकामी झालेली असते. इकडे मंचावर पुढचा प्रवेश सुरू करण्याआधी फळ्या कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायच्या आणि माइकच्या ओल्या वायरी उचलून ठेवायच्या. ढगांनंतर बहुधा लेझीम असतं आणि पोरं अनवाणी असतात.